बंडी नंबर सत्तेचाळीस

...आणि वर मलाच विचारतात, बंडी पुढं का सरकत नाही! मला! अहो, तुम्हाला सांगतो, कापूस खरेदी केंद्राच्या खिडकीत बसून एकतीस वर्षं जो प्रश्न रोज ऐकला, तोच प्रश्न निवृत्तीनंतर लोहाऱ्यातल्या माझ्या घरात, माझ्या मुलीच्या लॅपटॉपमधून, थेट फिनलंडहून यावा? बंडी म्हणजे बैलगाडी बरं का, पुण्याकडच्यांसाठी सांगतो, तिकडं बंडी अंगात घालतात. तर तक्रार क्रमांक बारा, जशीच्या तशी: 'खरेदी केंद्राच्या फाटकापाशी गेम अडकतो. बंडी नंबर सत्तेचाळीस दोन दिवसांपासून जागची हललेली नाही. कृपया दोष दुरुस्त करावा.' दोन दिवस! दोन दिवसांत कासावीस झाला तो माणूस! मी उर्वशीला म्हटलं, बाई, उत्तर लिही. दोष नाही. असंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाबूजी, ह्या वयात तुम्ही मोबाईलच्या गेममध्ये कसे शिरलात? शिरलो कसला, ओढला गेलो. उर्वशी माझी मुलगी, कॉम्प्युटर शिकलेली, पुण्याची नोकरी सोडून घरी आली होती, आणि तिनं काढला एक गेम. नाव 'बोंड'. कपाशी पेरायची, निंदायची, वेचायची आणि विकायची. म्हटलं चांगलं आहे, कंपनी कुठली? तर म्हणे कंपनी नाही. मालक कोण? मालक नाही. मग पगार? पगार पण नाही. 'बाबा, ओपन सोर्स आहे. कोड सगळ्यांसाठी उघडा. ज्याला वाटेल त्यानं यावं, वाचावं, सुधारावं.' म्हणजे फाईल उघडी? 'उघडी.' कुणीही बघावी? 'कुणीही.' अर्ज न करता? अहो, आमच्याकडं फाईल बघायची तर आधी फाईल सापडत नसे, सापडली तर साहेब सापडत नसत, आणि दोन्ही एकदम सापडले तर जेवणाची सुट्टी झालेली असे... आणि इथं कुठल्याशा देशातला माणूस पायजम्यावर बसून माझ्या पोरीची फाईल वाचतो, त्यातली चूक काढतो, दुरुस्ती सुचवतो, आणि वर तिचे आभार मानतो! आणि प्रत्येक दुरुस्तीला नाव, तारीख, वेळ, कारण. खाडाखोड करायची सोयच नाही. मागचं सगळं कायमचं दिसतं. मी उर्वशीला म्हटलं, असली पद्धत आमच्या केंद्रावर आणली असती तर पहिल्या आठवड्यात अर्धा स्टाफ आजारी पडला असता.

तेहतीस माणसं जमली होती, तेहतीस! सगळी बिनपगारी. पगार घेऊन माणूस काम करत नाही हे मी एकतीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं, आणि ही मंडळी पगार न घेता काम करतात आणि शिवाय कामावरून भांडतात. नावं तरी काय! खरं नाव कुणी लावत नाही. ब्राझीलच्या एका बाईनं बैल काढून पाठवले. काय बैल! वशिंड, शिंगं, गळ्याखालची लोंबती पोळी, सगळं बरोबर. माझी बायको कांताबाई चष्मा लावून बघत राहिली, म्हणाली, "हे तं आपल्या इकडचेच वाटते." उर्वशी म्हणाली, त्यांच्याकडची ती जात मुळात आपल्याकडूनच गेलेली आहे. म्हणजे बैलसुद्धा इथून निघून गेले आणि तिकडं सुखी झाले. आणि पाऊस लिहायला कोण? फिनलंडचा माणूस! नाव 'झोपाळू अस्वल'. तुम्हाला सांगतो, अस्वलाचा पाऊस जूनच्या एक तारखेला सुरू व्हायचा आणि सप्टेंबरपर्यंत रोज दुपारी चार ते पाच पडायचा. जसा काही हजेरीपटावर सही करून येतो! मी म्हटलं, त्याला कळव, आमच्याकडं सात जूनला येतो, सगळ्यांना पेरायला लावतो, आणि मग बावीस दिवस तोंड दाखवत नाही. अस्वलाचं उत्तर आलं: 'ह्यामागचं सूत्र काय?' सूत्र! वेधशाळेला सापडलं नाही ते अस्वलाला हवं. पहिल्यांदा तेव्हाच लिहिलं मी ते उत्तर. दोष नाही. असंच आहे.

पण ऐकलं हो त्यानं. बावीस दिवसांचा खंड घातला. गुणी अस्वल. खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस उर्वशी म्हणाली, "बाबा, पीक तयार होतं, पण विकायचं कसं ते यांतल्या कुणाला माहीत नाही. केंद्रावर नेमकं काय होतं, ते तुम्ही लिहून द्या ना." अहो, निवृत्त कारकुनाला 'लिहून द्या' म्हणणं म्हणजे काय असतं! चौदा फुलस्केप लिहिले. टोकन कसं मिळतं. फाटक कधी उघडतं आणि कुणाच्या चहासाठी बंद होतं. ग्रेडर साहेब कापसात हात घालून तोंड कसं वाकडं करतात. वजनकाटा नादुरुस्त. काटा दुरुस्त तर हमाल नाहीत. हमाल आले तर आवारात कापूस ठेवायला जागा नाही, दोन दिवस खरेदी बंद. आणि ह्या सगळ्यात फाटकाबाहेर बंड्यांची रांग... आमच्या केंद्राची म्हणतो मी, कुठल्या ते विचारू नका, अजून एखाद्या सहीसाठी तिकडं जावं लागतं... ती रांग रस्त्याच्या वळणापलीकडं जायची, आणि शेवटच्या माणसाला फाटक दिसायचं नाही, फक्त पुढच्या बंडीचं बूड दिसायचं.

उर्वशीनं सगळं गेममध्ये घातलं. खेळणारा कुणीही असो, कुठलाही असो, त्याच्या बंडीचा नंबर सत्तेचाळीस. आणि थांबायचं ते खरोखरचं थांबायचं. तीन दिवस. घड्याळातले. उर्वशी म्हणाली, "बाबा, गेममध्ये कोण तीन दिवस थांबेल?" मी म्हटलं, माणसं पाच दिवस थांबलेली आहेत, मी दोन दिवसांची सूट दिली आहे. "अहो, गेम आहे, शिक्षा नाही." कांताबाई आतून म्हणाली, "रिटायर झाले तरी रांग काही सुटत नाई ह्या माणसाची."

आणि मग सुरू झाल्या तक्रारी! तक्रार बारा तर सांगितलीच. तक्रार पंधरा: 'सगळ्यांना सत्तेचाळीसच नंबर का?' दोष नाही. असंच आहे. तक्रार अठरा: 'खिडकीत एक मनुष्य बसला आहे. त्याच्यावर बोट ठेवलं तरी काही होत नाही. तो वर बघत नाही. चित्र अपूर्ण आहे का?' आता तो खिडकीतला मनुष्य म्हणजे कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. ब्राझीलच्या बाईनं माझ्या फोटोवरून काढला होता. बिनबाह्यांचा स्वेटर, कानाला मफलर, नाकावर चष्मा, मान खाली. चित्र पूर्ण आहे म्हटलं. दोष नाही. असंच आहे.

आणि मग आली तक्रार एकवीस. अस्वलाची. मोठं पत्र, अत्यंत सभ्य. उर्वशीनं मराठी करून वाचून दाखवलं: 'आदरणीय बाबूजी, आपल्या अनुभवाविषयी मला नितांत आदर आहे, परंतु...' हा परंतु मी ओळखतो हो, एकतीस वर्षं तो मीच लिहीत होतो! 'परंतु गेममध्ये एक गंभीर दोष आढळला आहे. रांगेत असताना बैलाला पाणी पाजलं नाही तर तो बसतो, म्हणून खेळणारा बादली घेऊन विहिरीवर जातो. नेमका त्याच वेळी नंबर पुकारला गेला, तर त्याला गैरहजर धरतात आणि रांगेच्या शेवटी पाठवतात. बैलाला पाणी पाजल्याबद्दल शिक्षा? हे तर्काला धरून नाही.'

तर्क!

उर्वशीनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "बाबा, हे खरंच तो बरोबर म्हणतोय ना? ही एवढी चूक झाली असेल लिहिताना, काढते मी." मी म्हटलं, काढायची नाही. पावसाचं काहीही करा, ग्रेडर साहेबाला हसायला लावा, फाटकाला हवा तो रंग द्या, पण बादली आणि गैरहजरी राहिली पाहिजे. ती म्हणाली, "काहून पण?" मुलगी पुण्याला राहून आली तरी रागावली की 'काहून'वरच येते.

तिला नाही सांगितलं. तुम्हाला सांगतो.

दोन हजार पाच सालचा जानेवारी. कापूस इतका आला होता की रांगेची दोन टोकं दोन गावांत होती. बोरी अरबकडचा एक शेतकरी, नानाजी. नंबर सत्तेचाळीस. पाचवा दिवस. वर ऊन, खाली बैल, बैलांना पाणी नाही, केंद्राचा नळ फक्त स्टाफसाठी... तसा लेखी नियम नव्हता, पण नळाला कुलूप होतं. तो गेला समोरच्या विहिरीवर. मी पुकारलं, सत्तेचाळीस. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं, सत्तेचाळीस. दोनदा पुकारायचं असा नियम, मी नियमात होतो. लाल शाईनं लिहिलं, गैरहजर. आणि म्हटलं, अठ्ठेचाळीस. मान वर केली नाही. केली असती तर तो दिसला असता, दहा पावलांवर, बादली हातात, पाणी सांडू नये म्हणून जपून जपून चालत येणारा. खिडकीत आला तेव्हा धापा टाकत होता. "बाबूजी, मी हावो ना इथंच, पाणी आनाले गेलतो." मी काय म्हणालो? मी म्हणालो, रजिस्टरात नोंद झाली आहे, खाडाखोड करता येत नाही, मागं लागा. खाडाखोड रोज करत होतो आम्ही, ड्रॉवरमध्ये पांढऱ्या शाईची बाटली होती. तो मागं लागला. आणखी चार दिवस. तिसऱ्या दिवशी त्याचा डावीकडचा बैल बसला, तो उठला नाही.

त्या रजिस्टरात आजही काय आहे? सत्तेचाळीस, गैरहजर. पाच दिवस उन्हात उभा राहिलेला माणूस गैरहजर, आणि खुर्चीत बसून वर न बघणारा मी हजर! म्हणून मला ती बादली त्या गेममध्ये हवी होती. रजिस्टर खोटं आहे, निदान जगात एका ठिकाणी तरी खरं असू दे, जिथं खाडाखोड होत नाही, जिथं कुणीही यावं आणि उघडून बघावं... एवढंच. फार मागत होतो का मी?

उर्वशीनं माझं ऐकलं. कारण विचारलं नाही पुन्हा. अस्वलाला कळवलं, दोष नाही, असंच आहे. तेहतीस माणसांची चर्चा झाली, अंगठे वर, अंगठे खाली, जर्मनीच्या एकानं तर नकाराचे नऊ मुद्दे पाठवले, त्यातला सातवा स्वल्पविरामाविषयी होता. ब्राझीलची बाई तेवढी माझ्या बाजूनं. तिनं लिहिलं, आमच्याकडंही खिडक्या आहेत. पण गेमचा कारभार उर्वशीचा, तिनं बदल घेतला नाही, विषय संपला.

संपला कसला! तुम्हाला सांगतो, ह्या ओपन सोर्सवाल्यांची एक रीत आहे. तुमचं पटलं नाही तर अख्खा गेम उचलायचा, त्याची नक्कल काढायची आणि वेगळी चूल मांडायची. फोर्क म्हणतात त्याला. कायदेशीर! लायसन्समध्येच लिहिलेलं, आणि ते लायसन्स उर्वशीनंच लावलेलं. घराची वाटणी होते आणि दोघांनाही अख्खं घर मिळतं, असली वाटणी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कधी कुणी पाहिली नसेल. अस्वलानं नक्कल काढली. रांग उडवली. फाटक उघडं ठेवलं. बंडी आली की सरळ आत, कापूस खाली, बैलांना पाणी, गाणं वाजतं. आणि खिडकीतला मी? मान वर करून हसतो! हात हलवतो! अहो, ज्या केंद्रावर एकतीस वर्षांत मी कुणाला हात केला नाही, तिथं मी फिनलंडच्या हुकमावरून ऊठसूट हात हलवतो आहे!

त्याचा गेम किती लोकांनी घेतला? सहा लाख. आमचा? एक्केचाळीस. त्यातला एक मी, एक उर्वशी, आणि एक कांताबाई, ती चुकून. आणि कळस म्हणजे, लायसन्सचा नियम, मूळ माणसांची नावं काढायची नाहीत. म्हणून सहा लाख मोबाईलवर, गाणं वाजून झालं की अक्षरं येतात, 'खरेदी केंद्राची रचना: बाबूजी, यवतमाळ जिल्हा.' म्हणजे जिथं रांग नाही, फाटकाला दार नाही, कारकून हसतो, ते केंद्र मी रचलं! रजिस्टरातली एक खोटी नोंद पुसायला निघालो होतो, आता सहा लाख झाल्या. पण तक्रार कुणाकडं करू? तक्रार क्रमांक किती घालू? आणि उत्तर काय येईल, ते मला माहीत नाही का?

मग म्हटलं, सहा लाख गेले खड्ड्यात. मला हवा तो माणूस एकच आहे.

तुम्हाला आठवतं ना ते बोंडअळीचं वर्ष? दिवाळीनंतर बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत गुलाबी अळी. त्याच दिवसांत एसटीनं बोरी अरबला उतरलो आणि नानाजीच्या घरी गेलो. बारा वर्षांनी. ओळखेल की नाही म्हणत होतो, तर लांबूनच, "या बाबूजी!" अंगणात पलंगावर बसवलं. उपटलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, ढीग भिंतीला लावलेला. मैनाबाई, त्याची बायको, उंबऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली, आणि मोबाईलमधून गाणं... ते गाणं! अस्वलाचं! म्हणाली, "लय झ्याक हाय जी हे. बंडी सीधी अंदर जाते. पोरीनं टाकून देलं."

मी नानाजीला म्हटलं, हा नाही, खरा माझ्याकडं आहे. घातला त्याच्या मोबाईलमध्ये. उर्वशीकडून युक्ती शिकून गेलो होतो, रांगेच्या तिसऱ्या दिवसापर्यंत पुढं नेऊन दिला, म्हटलं बघा, तुमची रांग, तुमचा नंबर, सगळं जसंच्या तसं. जगात कुणीही उघडून बघू शकतं, तुम्ही गैरहजर नव्हता. तो बघत राहिला. बंड्या बघितल्या. बादली घेऊन विहिरीवर गेला, आला. नंबर गेला होता. मग त्यानं खिडकीवर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा.

"हे तुमीच काय, बाबूजी?"

म्हटलं, मीच.

"मंग वरतं काहून नाई पाहत?"

आता काय सांगू? माझं ठरलेलं उत्तर आहे, छापील, जगभर दिलेलं. ते तोंडातून निघेना!

तोच म्हणाला, "मैनीच्या मोबाईलवर तं रांग नाई. थे कोणं काढली?" म्हटलं, फिनलंडचा एक जण आहे. "किती टाइम लागला त्याले?" उर्वशीनं दाखवलं होतं, प्रत्येक बदलाची वेळ नोंदलेली असते ना... म्हटलं, अकरा मिनिटं. तो म्हणाला, "अकरा मिनिटं." टोमणा नाही हो, हिशेब नाही, नुसतं म्हणाला. मग मैनाबाईला म्हणाला, "बाबूजीले च्या मांड." मी मनात एकतीस वर्षांची मिनिटं करायला लागलो आणि सोडून दिलं.

चहा आला. नानाजी मोबाईल चाळत होता. म्हणाला, "बाबूजी, राग नका मानू. ह्या डब्यात जागा कमी हाय. मैनीवाला गेम मले बी टाकाचा हाय. तुमचा काढू काय? रांगेत तं म्या उभा राहून पाह्यलं हाय."

म्हटलं, काढा. दुसरं काय म्हणणार?

त्यानं बोट दाबून धरलं. मोबाईलवर अक्षरं उमटली, 'हे ॲप काढून टाकायचं आहे का?' आणि तुम्हाला सांगतो, नानाजी थांबला. मोबाईल माझ्यापुढं धरला आणि हसला, खरं हसला, आवाजावरूनच कळलं, बारा वर्षांत कुणी माझ्याकडं बघून असं हसलं नसेल.

"पाहा बाबूजी," म्हणाला, "काढाच्या आधी इचारते तरी."

बेचाळीसचे पुन्हा एक्केचाळीस झाले. मी बशीत चहा ओतला आणि प्यायलो. मान वर करून त्याच्याकडं बघावं असं फार वाटत होतं हो, त्यासाठीच तर एवढ्या लांब गेलो होतो... नाही जमलं.

दोष नाही. असंच आहे.